सीडीत राहिलेली झाडीपट्टी

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, पाळणे, सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटी. रात्री दंडार, खडी गंमत ही इथली लोकनाट्ये, नाहीतर नाटक. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत या मंडईत बांगड्यांच्या आणि फुटाण्यांच्या दुकानांशेजारी आणखी एक दुकान लागायचे. पातळ प्लास्टिकच्या पाकिटांतल्या चकचकीत चकत्या मांडलेल्या, मागे एक छोटा टीव्ही, आणि त्यावर कुठल्या तरी गावात रात्रभर रंगलेली खडी गंमत चालू. लोक या चकतीला नुसते ‘सीडी’ म्हणत. गाण्याची सीडी, पिक्चरची सीडी, लग्नाची सीडी. तिचे पूर्ण नाव व्हिडिओ सीडी, म्हणजे व्हीसीडी.

चित्रपटाच्या जाणकारांनी या चकतीला कधी मान दिला नाही. चित्र धूसर, आवाज बेताचा, पिक्चर अर्ध्यात आला की उठून दुसरी सीडी लावायची. डीव्हीडी आल्यावर ती गरिबाची वस्तू ठरली आणि मोबाइल आल्यावर कचरा. पण भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या झाडीपट्टीपुरते बोलायचे तर इथल्या लोककलेचा, बोलीचा आणि साध्या घरांचा चित्ररूप इतिहास या चकतीत जितका साठला तितका दुसऱ्या कशातही साठला नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच जुन्या वस्तूंच्या या पुस्तकात मी तिला एक सबंध प्रकरण देतो आहे.

घरच्या टीव्हीवर पाहायचा पिक्चर चकतीवर साठवण्याची खटपट गाण्याच्या सीडीपेक्षाही जुनी आहे. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात फिलिप्स आणि एमसीए या कंपन्यांची एक मोठी चकती विक्रीला आली. तीच पुढे लेझरडिस्क म्हणून ओळखली गेली. व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे गाण्याच्या एलपी रेकॉर्डएवढा. १९८१ मध्ये आरसीए कंपनीने सीईडी नावाची दुसरी चकती काढली. तिच्या खाचेतून चक्क सुई फिरायची आणि चित्र उमटायचे. तीन वर्षांत कंपनीला तिचे प्लेअर बनवणे थांबवावे लागले. जपानमध्ये जेव्हीसीने व्हीएचडी आणली, तीही फार काळ टिकली नाही. या सगळ्या चकत्यांचे दुखणे सारखेच होते. त्यांच्यावर घरी काही रेकॉर्ड करता येत नसे, आणि टेपवर ते सहज होई. लेझरडिस्क मात्र जपानमध्ये कराओकेच्या आधाराने बरीच वर्षे तगली. पायोनियर कंपनीने तिचे प्लेअर बनवणे २००९ मध्ये थांबवले. आज जगभरचे संग्राहक लेझरडिस्कच्या मागे असतात. तिची मोठी सचित्र वेष्टने, तिचा अ‍ॅनालॉग आवाज आणि पुढे कुठेच न निघालेल्या आवृत्त्या यांच्यासाठी चांगली किंमत मोजतात. आपल्याकडे ती महानगरांतल्या मोजक्या शौकिनांपलीकडे फारशी गेलीच नाही.

व्हीसीडीची कुळकथा वेगळी आहे. गाण्याची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली होती आणि तिचे कारखाने, तिचे लेझर, तिच्या मोटारी सगळे स्वस्त होत चालले होते. त्याच चकतीवर, त्याच वेगाने, चित्रही बसवता आले तर? १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी त्याचे नियम ठरवले. ही नियमावली ‘व्हाइट बुक’ या नावाने ओळखली जाते. अडचण जागेची होती. गाण्याची सीडी सेकंदाला साधारण १४ लाख बिट माहिती देते. तेवढ्यात सेकंदाला २५ चित्रे आणि वर आवाज कोंबायचा. त्यासाठी एमपीईजी-१ ही संक्षेपाची रीत वापरली. थोड्या थोड्या वेळाने एक चित्र पूर्ण साठवायचे आणि मधल्या चित्रांत काय बदलले तेवढेच लिहून ठेवायचे. चित्राचा आकारही कमी केला. आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, म्हणजे डीव्हीडीच्या जवळपास एक चतुर्थांश. एवढे करून एका चकतीत ७४ मिनिटे मावली. हिंदी पिक्चरला दोन, कधी तीन सीडी लागत त्या यामुळे.

या रीतीचा परिणाम खडी गंमतीच्या सीडीत उघड दिसतो. शाहीर एका जागी उभा राहून सवाल टाकतो तेव्हा त्याच्या फेट्याची घडीसुद्धा ओळखू येते, कारण चित्रात फारसे काही बदलत नसते. मग ढोलकी चढते, लुगडे नेसलेला नाच्या गिरकी घेतो, आणि लुगड्याचा काठ एकदम चौकोनी ठिपक्यांत फुटतो. मागे बसलेली माणसे, मांडवाचे बांबू, कंदील सगळे क्षणभर विरघळते. बदल इतका जास्त असतो की तो लिहायला चकतीत जागा पुरत नाही. गिरकी थांबली की लुगडे पुन्हा जुळून येते.

एक तडजोड मात्र पाहणाऱ्याला दिसत नाही, आणि संग्राहकाला तीच सर्वांत जास्त नडते. संगणकाची माहिती ठेवणाऱ्या सीडीत प्रत्येक कप्प्यात चूक सुधारण्यासाठी राखीव माहिती असते. ओरखडा पडून काही अक्षरे गेली तर तिच्यावरून ती परत जुळवता येतात. व्हीसीडीत चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून ही राखीव माहिती बरीचशी काढून टाकली. ६५० मेगाबाइटच्या चकतीत ७४० च्या आसपास मेगाबाइटचे चित्र बसते ते यामुळेच. पाहताना एखादा तुकडा खराब आला तर डोळा चालवून घेतो, हा त्यामागचा हिशेब होता. तेवढ्यापुरता तो बरोबर होता. वीस वर्षांनी कोणी ही चकती उतरवून घ्यायला बसेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

युरोप-अमेरिकेत व्हीसीडी रुजली नाही. तिथे घरोघरी टेप होत्या. आशियात उलट झाले. चीनमधल्या हफेई शहरात वानयेन कंपनीने १९९३ मध्ये व्हीसीडी प्लेअर काढला, पाठोपाठ शेकडो कारखाने उभे राहिले आणि किमती कोसळल्या. दमट हवेत टेपेला बुरशी धरते, सीडीला धरत नाही. व्हीसीडीला डीव्हीडीसारखे देशांचे कुलूप नव्हते, नक्कल रोखण्याची सोयही नव्हती. त्यामुळे ती कुठेही चाले आणि कोणालाही छापता येई. बनावट पिक्चरवाल्यांचे यात फावले, हे सर्वांना माहीत आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सही आणून बसवले, इतका हा धंदा फोफावला होता. ज्या मोकळेपणामुळे चोराचे फावले त्याच मोकळेपणामुळे साकोली-लाखांदूरच्या शाहिरालाही वाट मिळाली, ही बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते.

ती वाट अशी. टेपेच्या काळात चित्रफीत काढणे हे मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचे काम होते. २००० नंतर तालुक्याच्या फोटो स्टुडिओत संगणक आला, त्यात सीडी रायटर आला. लग्नाचे शूटिंग करणारा फोटोग्राफर रात्री ‘मिक्सिंग’ करायला बसू लागला. एका कोऱ्या सीडीचा खर्च काही रुपयांवर उतरल्यावर त्याच्या ध्यानात आले की लग्नासारखीच खडी गंमतही शूट करता येते, आणि तिच्या शंभर-दोनशे प्रती मंडईत खपतात. मोठ्या भांडवलाची गरज उरली नाही. गावच्या कलावंताने स्वतःचे चित्र स्वतःच्या लोकांना विकावे, असे झाडीपट्टीत बहुधा पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर घडत होते.

महाराष्ट्रात हे एकट्या झाडीपट्टीत घडले नाही. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला आणि यंत्रमागाच्या त्या गावात चित्रपटाचा घरगुती धंदाच उभा राहिला; पुढे खानदेशात अशा विनोदी चित्रफिती आणि अहिराणी गाणी सीडीवरूनच पसरली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांइतकीच भीमगीतांच्या कॅसेट-सीडींची दुकाने लागत, आणि भंडाऱ्याहून गेलेला माणूस परत येताना त्यातल्या दोन-चार घेऊन येई. १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मतदारसंघातून उभे राहिले तो हा भंडारा. इथल्या वस्त्यांत ही गाणी ऐकण्याची परंपरा सीडीच्या फार आधीची. मालेगावची दखल माहितीपटांनी घेतली, हिंदी सिनेमानेही घेतली. झाडीपट्टीच्या सीडीची कोणी घेतली नाही.

भारनियमनाचा तो काळ होता. २००५ नंतरची काही वर्षे विदर्भातल्या खेड्यांत वीज दिवसातून कित्येक तास नसे. तरी ज्याच्याकडे प्लेअर त्याच्या ओसरीवर गर्दी व्हायची. पुढे मोझर बेअरने किमतीच पाडल्या. दिल्लीची ही कंपनी कोऱ्या चकत्या बनवण्यात जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी होती. २००७ च्या सुमाराला ती पिक्चरच्या व्यवसायात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. अस्सल सीडी बनावट सीडीच्या भावात मिळू लागली. मराठी चित्रपट आणि नाटकेही त्या लाटेत तालुक्यापर्यंत पोचली. तिचा बहर फार टिकला नाही. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागले, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाले, आणि २०१८ मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली.

मोझर बेअरच्या पिक्चरची चिंता करण्याचे कारण नाही; ते दुसऱ्या रूपात कुठे ना कुठे आहेत. चिंता स्टुडिओत हाताने भरलेल्या सीडीची आहे. तिची मूळ टेप फोटोग्राफरने पुढच्या लग्नासाठी पुन्हा वापरली, संगणकाची हार्ड डिस्क कधीच बिघडली. दोनशे प्रती निघाल्या, त्यातल्या बहुतेक भंगारात गेल्या. उरलेली एखादी प्रत हीच आता मूळ प्रत.

अशी एक सीडी मी समोर ठेवून हे लिहितो आहे. पाकिटातला कागद रंगीत झेरॉक्सचा, गुलाबी शाई उडून पिवळट झालेला. वर शाहिराचा फोटो, बाजूला नाच्याचा, खाली बारीक अक्षरांत ढोलकीवाला, टाळकरी, पेटीवाला यांची नावे आणि प्रत्येकाचे गाव. शेवटी एक दहा आकडी मोबाइल नंबर, तो आता लागत नाही. १९८४ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याचे कलम ५२अ असे सांगते की चित्रफितीच्या वेष्टनावर निर्मात्याचे आणि हक्कदाराचे नाव-पत्ता हवा, प्रमाणपत्र लागत असेल तर त्याची प्रतही हवी. या कागदावर त्यातले काही नाही. पण ढोलकीवाल्याचे नाव आहे! लोककलेवरच्या छापील पुस्तकांत साथीदाराचे नाव किती वेळा सापडते ते वाचकाने आठवून पाहावे.

आणि बोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांच्या अभ्यासाला आयुष्य दिले. त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे या बोलीचे शब्द आणि व्याकरण कागदावर आले. ‘ण’, ‘ळ’, ‘श’ हे उच्चार टाळून बोलणारी ही बोली कागदावर उतरते खरी, पण तिचा हेल उतरत नाही. खडी गंमतीतली बतावणी लिहून आणलेली नसते, ती जागेवर फुलते. समोरच्या माणसाला टोमणा मारताना वाक्य कुठे तोडायचे, लोक हसले की किती थांबायचे, हे सगळे सीडीत आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला या रंगभूमीचे कौतुक वाटले. कौतुकाबरोबर पुरावाही जपायला हवा.

लग्नाच्या सीडीला तर कोणी दस्तऐवज मानतच नाही. भिरभिरत येणारी फुले, बदामाच्या आकारात नवरानवरी, मागे सिनेमाचे गाणे. पण तो सगळा साज दूर सारून पाहा. जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव दिसतो, धानाच्या तणसाचे ढीग दिसतात, पंगतीतले ताट दिसते, आता हयात नसलेली आजी आहेर करताना दिसते. पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द धरण झाले. २२ एप्रिल १९८८ ला त्याची पायाभरणी झाली आणि पुढे पाणी चढत गेले तशी नदीकाठची गावे उठून पुनर्वसनात गेली. त्या गावांतल्या जुन्या घरांत झालेल्या लग्नांच्या सीडीत वरात ज्या गल्लीतून जाते ती गल्ली आज पाण्याखाली आहे. जमिनीच्या नोंदी सरकारकडे सापडतील, गल्ली फक्त या सीडीत सापडेल.

आता ज्याला हा संग्रह करावासा वाटेल त्याच्यासाठी कामाच्या गोष्टी. आधी छापील सीडी आणि भरलेली सीडी यांतला फरक ओळखावा. कारखान्यात साच्यावर दाबून काढलेली सीडी खालून स्वच्छ चंदेरी असते आणि मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर बारीक कोरलेला क्रमांक असतो. स्टुडिओत भरलेली सीडी खालून हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक मारते, कारण तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरने तो जाळून माहिती लिहिलेली असते. हा थर ऊन आणि उष्णता सहन करत नाही. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ठेवलेली सीडी काही उन्हाळ्यांत वाचण्यापलीकडे जाऊ शकते. तेव्हा हाताला आधी भरलेली सीडी घ्यावी, छापील नंतर.

बहुतेक लोक सीडीची खालची बाजू जपतात आणि वरची बाजू टेबलावर घासतात. नेमके उलटे हवे. खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे प्लास्टिक आहे, त्यावरचा हलका ओरखडा घासून काढता येतो. माहितीचा थर वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली, वार्निशच्या पातळ पापुद्र्याने झाकलेला असतो. तिथे बॉलपेनने नाव लिहिले तरी माहिती दुखावते. चिकटवलेले कागदी लेबल उपटू नये. ओढले तर चंदेरी थरही निघून येतो. पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. प्लास्टिकचे पाकीट उन्हाळ्यात चिकटते, म्हणून सीडी कडक डबीत उभी ठेवावी. आतला कागद मात्र फेकू नये, नावे त्याच्यावरच आहेत.

उतरवून घेताना नुसती फाइल ओढून ‘कॉपी-पेस्ट’ करू नये. मघाशी सांगितलेली राखीव माहिती नसल्याने संगणक पहिल्याच खराब तुकड्याशी अडतो आणि सगळी फाइलच नाकारतो. सबंध चकतीची जशीच्या तशी ‘इमेज’ घ्यावी. त्यासाठीचे मोफत सॉफ्टवेअर मिळते. वाचण्याचा वेग सर्वांत कमी ठेवावा. एका ड्राइव्हवर न वाचलेली सीडी पुष्कळदा दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर वाचते, म्हणून जुन्या संगणकातले ड्राइव्ह भंगारात देऊ नयेत. प्रती दोन ठेवाव्यात, वेगवेगळ्या घरांत. आणि प्रत्येक फाइलसोबत साधी टिपणवही हवी: कोणाकडून मिळाली, कोणत्या गावची, कोणत्या मंडईची, कोण कोण दिसते. हे काम सीडीत दिसणारी माणसे हयात आहेत तोवरच होईल. ती सीडी लावून त्यांना जवळ बसवावे, नावे विचारावीत. हा भाग यंत्राच्या भागापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

ही चित्रे जगापुढे ठेवण्याआधी कलावंताला विचारावे. चित्रफितीचा हक्क ६० वर्षे राहतो आणि कलावंताचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षे. मंडईत पाच-पंचवीस रुपयांना विकली गेलेली गंमत म्हणजे बेवारस माल नव्हे. शाहिराच्या मुलाला त्याच्या वडिलांच्या सीडीची स्वच्छ प्रत नेऊन दिली तर परवानगीचा प्रश्न बहुधा तिथेच सुटतो.

राहता राहिली संस्थांची गोष्ट. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यामुळे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह चार ग्रंथालयांत जायला हवी, आणि दोन वर्षांनी त्यात वृत्तपत्रेही आली. व्हिडिओ सीडी या कायद्यात बसत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांची जपणूक करते, पण लाखनीच्या स्टुडिओत भरलेली खडी गंमत तिथे आपोआप पोचण्याची कोणतीही सोय नाही. तेव्हा हे काम जिल्ह्यातच व्हायला हवे. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये तालुक्यांत आहेत, मोठ्या गावांतही आहेत. त्यांतल्या एकेका वाचनालयाने एक कपाट, एक जुना संगणक आणि दोन हार्ड डिस्क एवढे बाजूला काढले तरी पुष्कळ होईल.

तुमच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात अशा सीडी पडल्या असतील तर या दिवाळीत मंडईच्या आधी त्या बाहेर काढा, उतरवून घ्या, दिसणाऱ्या माणसांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.